गिरणीची नळी

लढाईच्या दिवसांत मिळेल ते जाडं क्रूड तेल घ्यावं लागे. खालापूरच्या भातगिरणीत थंडीच्या रात्री त्यातलं मेण नळीत थिजायचं आणि सकाळी इंजिन चालू व्हायचं नाही. इंजिनवाला मोठा हट्टी. संध्याकाळी नळीला गोणपाट गुंडाळायचा आणि सकाळी स्वतःच्या आंघोळीचं कढत पाणी घरून आणून तिच्यावर ओतायचा.

एकदा माघात गारठा फारच पडला. आमच्या गाडीत बहिणीच्या लग्नाचं भात होतं आणि नळी काही मोकळी होईना. काका वैतागले. चिंधी पेटवून पुढे सरसावले. "शेकतोच तिला!"

इंजिनवाला नळीला पाठ लावून उभा राहिला. "सगळीकडं तूस पडलंय. आग आत आनायची नाय. आनायची तर आदी मला शेका."

काकांनी चिंधी मातीत विझवली. तो तांब्या-तांब्यानं पाणी ओतत राहिला. दुपारी कुठे इंजिन धडधडलं.

तांदूळ घेऊन निघालो, तेव्हा तो विहिरीवर गार पाण्यानं आंघोळ करत होता.

"लग्नाला या हं," काका ओशाळून म्हणाले.

"थंडीत नाय जमायचं," कुडकुडत तो म्हणाला. "सकाळी हिला कोन न्हाऊ घालनार?"