मागची सीट नसलेली गाडी

अख्ख्या इंग्लंडात सगळ्यात वेगवान गाडी सगळ्यात हळू चालवणारा माणूस कोण, असं मला कुणी विचारलं, तर मी क्षणाचाही विचार न करता आमच्या साडूंकडे बोट दाखवीन. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहतात रीडिंगला, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, आणि नोकरी करतात स्लाउला, एका विमा कंपनीत. आता या नोकरीला जायला माणसाला लागतं काय? ट्रेन आहे, आणि गाडीच हवी तर माझ्यासारखी करड्या रंगाची, डिकीत छत्र्या आणि मुलांचे चिखलाचे बूट पडलेली एखादी संसारी गाडी आहे. साडूंकडे मात्र लिंबासारखी पिवळीधमक, जमिनीला पोट टेकवून बसलेली इटालियन स्पोर्ट्स कार आहे. दोनच माणसांची. इंजिन पाठीमागे, डिकी पुढे, आणि दारं अशी की आत शिरणारा माणूस बसतोय की पडतोय हे बघणाऱ्याला कळू नये. शर्यतीच्या मैदानावर न्यायची ही गाडी साडू डबा घेऊन रोज ऑफिसला नेतात आणि एम फोर हायवेवर डावीकडच्या संथ लेनमध्ये एखाद्या लॉरीच्या मागे शांतपणे लावून देतात. विमा कंपनीत हयात गेल्यामुळे जगात काय काय कशावर आपटू शकतं याची त्यांना इत्थंभूत माहिती आहे, त्याला कोण काय करणार?

सिग्नलला शेजारी एखादा पोरगेला ड्रायव्हर येऊन इंजिन गुरगुरवायला लागला, की साडू काच खाली करून त्याला हाताने ‘तू हो पुढे’ अशी खूण करतात, घरच्या पंगतीत आग्रह करावा तशी. पेट्रोल पंपावर तर रोजचा तमाशा. कुणीतरी येतं, गाडीभोवती प्रदक्षिणा घालतं आणि विचारतं, “व्हॉट डझ शी डू, मेट?” त्याला बिचाऱ्याला वेगाचा आकडा हवा असतो. साडू म्हणतात, “शी गोज टू स्लाउ. देन शी कम्स बॅक.” आणि नळी जागेवर ठेवून पैसे भरायला जातात. रस्त्यावर स्पीड हम्प आला की गाडीचं नाक घासू नये म्हणून ते आडवे-तिरपे होत, गोगलगायीच्या गतीने चढतात, आणि त्या वेळी स्वतःचं पोट आत ओढून श्वास रोखतात. एकदा मी शेजारी बसलो होतो, तर उतरल्यावर लक्षात आलं की मीही सगळे हम्प पोट आत घेऊनच पार केले होते. दुसऱ्या दिवशी बरगड्या दुखत होत्या. कार पार्कच्या मशीनमधून तिकीट काढायचं तर हात पोचत नाही, मग दार उघडून, एक पाय बाहेर टेकून, अर्धं धड लोंबकळवत ते तिकीट ओढतात आणि मागच्या रांगेला मनापासून ‘सॉरी’ म्हणतात.

पण खरी बहार किराण्याच्या दिवशी. पुढच्या डिकीत कोथिंबीर, मेथी आणि दुधाचे कॅन मावतात, पिठाची गोणी मावत नाही. ती शेजारच्या सीटवर बसते. गोणी जड, त्यामुळे गाडीला वाटतं माणूसच बसलंय, आणि पट्टा लावा म्हणून ती किंचाळत सुटते. म्हणून साडू गोणीला सीटबेल्ट लावतात. रीडिंगच्या रस्त्यावरून पिवळ्याजर्द स्पोर्ट्स कारमध्ये ऐटीत बसून निघालेली गव्हाच्या पिठाची गोणी मी या डोळ्यांनी पाहिली आहे. आणि खोटं कशाला बोलू, त्या गोणीचा मला हेवा वाटला.

“अहो, एवढी महागाची वस्तू, कव्हर घालून गॅरेजमध्ये ठेवा, रविवारी काढा,” असं मी त्यांना एकदा म्हटलं. तर साडूंचा पारा चढला. नागपूरच्या त्यांच्या घरी म्हणे एक काचेचं कपाट होतं. त्यात सोनेरी कडेचे कप. “त्या कपांतून फक्त पाहुणे चहा प्यायले रे,” साडू म्हणाले. “आम्ही घरचे, म्हणून आम्हाला कानतुटके. सोफ्याचं प्लास्टिकही कधी निघालं नाही. उन्हाळ्यात उठताना मांड्या चिकटायच्या. तेव्हाच ठरवलं होतं, आपण चांगली वस्तू घेतली की तिला सोमवारी कामाला लावायची.” आणि खरंच, ठेवणीतलं असं त्यांच्या घरात काहीच नाही. चांदीच्या वाटीत ते सकाळचे दूध-पोहे खातात. लग्नातला कोट घालून बागेतलं गवत कापताना मी त्यांना पाहिलंय. ताई, म्हणजे त्यांची बायको, आम्ही सगळेच तिला ताई म्हणतो, कपाळाला हात लावून म्हणते, “या माणसाला जपणं म्हणून माहीतच नाही.” तर अशा या माणसाच्या घरी गेल्या वर्षी आमच्या सासूबाई राहायला आल्या.

सासरे जाऊन काही महिने झाले होते. नागपूरच्या फ्लॅटमध्ये एकट्या कशा राहतील म्हणून दोघी मुलींनी त्यांना व्हिजिटर व्हिसावर इकडे आणलं. आल्या, आणि ताईच्या घरी खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या त्या बसल्याच. बागेत चला, नाही. गावात चला, नाही. देवळात चला, तर “तुम्ही या जाऊन, माझाही नमस्कार सांगा.” रडत नव्हत्या, चिडत नव्हत्या. विचारलं की म्हणायच्या, “मला काय करायचं आहे बाप्पा आता बाहेर.” आम्हीही जपून वागायचो. सासऱ्यांचा विषय त्यांच्यासमोर कुणी काढायचं नाही, असं आमचं न बोलता ठरलेलं. व्हिसा सहा महिन्यांचा, परतीचं तिकीट काढलेलं. एके दिवशी स्वयंपाकघरात ताई माझ्या बायकोच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडली. “आई अशीच परत गेली ना, तर तिकडे दाराला कडी लावून बसेल गं. इथे निदान ताट हातात द्यायला आपण आहोत. तिकडे कोण आहे?” मी चहा गाळत होतो. गाळलेला चहा मी पुन्हा गाळला.

आणि मग सासूबाईंची दाढ दुखायला लागली. गाल हा असा सुजला. स्लाउला एक मराठी बोलणारी डेंटिस्ट होती, तिने सकाळची वेळ दिली. नेमकी त्या दिवशी ताईची हॉस्पिटलमध्ये ड्यूटी, माझी बायको ऑफिसच्या कामाला लीड्सला, आणि माझी करडी संसारी गाडी एमओटीत, म्हणजे गाड्यांच्या वार्षिक तपासणीत, नापास होऊन गॅरेजमध्ये. उरले साडू. आता सासूबाई आणि साडू यांचं नातं आमच्याकडच्या रीतीप्रमाणे अगदी आदबशीर. सासूबाई इतक्या वर्षांत या थोरल्या जावयाशी एक सरळ वाक्य बोलल्या असतील तर शपथ. समोर जावई बसलेला असतानाही त्या ताईला विचारणार, “जावईबापूंना भाजी वाढू का?” कुठल्याही गाडीत जावई पुढे, सासूबाई मागे, पदर सावरून. त्या आधी सासरे गाडी चालवायचे तेव्हाही शेजारची सीट कुणा ना कुणा वडीलधाऱ्याची, या मागेच. बाईंनी जन्मात समोरच्या काचेतून रस्ता पाहिला नव्हता.

मदतीला म्हणून मी हजर होतो. सासूबाई गाल धरून गाडीपाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी मला हळूच विचारलं, “मागची सीट कुठे आहे?”

“मागे इंजिन आहे, आई,” साडू म्हणाले.

“असू द्या. मी सांभाळून बसते त्याच्यापाशी.”

त्यांना समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. शेवटी साडूंनी आपली युक्ती काढली. सुपरमार्केटची प्लास्टिकची पिशवी सीटवर पसरली, सासूबाईंना पाठमोऱ्या बसवलं आणि म्हणाले, “आता फक्त वळा.” पिशवीवरून त्या अलगद फिरल्या, पण पाय बाहेरच राहिले. साडू गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हातांनी त्यांनी ते पाय उचलून आत ठेवले.

“अगं माय! जावयाने पायाला हात लावायचा?” सासूबाई दाढ विसरून ओरडल्या.

“लग्नात तुम्ही माझे पाय धुतले होते. आज फिटंफाट झाली,” साडू म्हणाले आणि दार लावून घेतलं.

पुढचं मला नंतर दोघांकडून तुकड्यातुकड्याने कळलं. एम फोरवर पुढे कुठेतरी अपघात झाला होता, गाड्या मुंगीच्या पावलाने चाललेल्या. शेजारी-शेजारी दोघं, मध्ये ताई नाही, निरोप सांगायला कुणी नाही.  मग साडूंनी, ज्यांना पोच म्हणून देवाने दिलेलीच नाही त्या आमच्या साडूंनी, सरळ विचारलं, “आई, बाबा गाडी कशी चालवायचे हो?” जे विचारायला आम्ही सुजाण, समंजस माणसं महिनोन्‌महिने घाबरत होतो, ते या गृहस्थांनी ट्रॅफिकमध्ये विचारून टाकलं. सासूबाईंनी पदर सावरला. मग म्हणाल्या, “फार वाईट.” आणि सुजलेल्या गालाने त्या बोलत सुटल्या. सासरे गिअर बदलताना दर वेळी जीभ बाहेर काढायचे. एकदा वर्ध्याच्या रस्त्यावर ते म्हशीशी भांडले होते. दुखणं वाढलं तेव्हा दवाखान्यातही त्यांना गाडीची किल्ली उशाशी हवी होती, म्हणून नर्स सासूबाईंना रागावली होती. बोलता बोलता त्या रडल्या, साडूंनी डब्याचा रुमाल काढून दिला, त्याला लोणच्याचा वास होता, म्हणून त्या रडता रडता हसल्या. तेवढ्यात रस्ता मोकळा झाला आणि साडू सवयीने एका लॉरीमागे लागले. डोळे पुसत सासूबाईंनी विचारलं, “काहून, हिला पुढे जाता येत नाही का?” येतं की, म्हणाले साडू. “मग घ्या न पुढे!” आणि साडूंनी, म्हणजे ज्यांनी ही गाडी घेतल्यापासून कुणाला ओव्हरटेक केलं नव्हतं त्यांनी, इंडिकेटर दिला, आरसे पाहिले, पुन्हा पाहिले, आणि कायद्यात बसेल तेवढा वेग घेऊन ती लॉरी मागे टाकली. मागच्या इंजिनाने असा काही सूर लावला म्हणे की सासूबाईंनी दोन्ही हातांनी गाल धरला आणि म्हणाल्या, “अजून एक.”

दाढ निघाली. साडूंचं ऑफिस सुटेपर्यंत त्यांना कुठे ठेवायचं, तर डेंटिस्टकडची पंजाबी रिसेप्शनिस्ट जेवणाच्या सुट्टीत त्यांना जवळच्या गुरुद्वारात घेऊन गेली. तिथे मऊ डाळ-भात खाऊन बाई जरा विसावल्या. समोर बायका भराभर पोळ्या लाटताहेत आणि आपण हात मांडीवर ठेवून बसलोय, हे कुठल्याही नागपूरच्या बाईला सोसणारं नाही. उठल्या, हात धुतले, लाटणं घेतलं आणि तेल लावून घडीची पोळी लाटून दाखवली. पोळी उकलून पदर मोजायला सगळ्या जमल्या म्हणे. संध्याकाळी गाडीतून उतरल्या तेव्हा साडीला पीठ लागलेलं आणि तोंडात पुन्हा ठेवलेला कापूस. ताई धावत आली. सासूबाईंनी कापूस काढला आणि ताईला ओलांडून, थेट जावयाकडे बघून विचारलं, “उद्या किती वाजता निघता?” ताई माझ्याकडे बघायला लागली आणि मी तिच्याकडे.

त्या दिवसापासून त्या कामाला जाणाऱ्या बाई झाल्या. सकाळी दोन डबे, एक साडूंचा, एक त्यांचा. प्लास्टिकची पिशवी दाराच्या खुंटीला टांगलेली. पाय आता त्या स्वतःच आत घ्यायच्या, कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. जाताना साडू त्यांना गुरुद्वाराशी सोडायचे, येताना घ्यायचे. तिथल्या बायका त्यांना बीजी, म्हणजे आई, म्हणायच्या, आणि यांनी त्यांना झुणका शिकवून स्लाउच्या लंगरात ठेचा पोचवला. गाडीत सासरे असायचेच. सकाळी निघताना सुरू झालेली गोष्ट संध्याकाळी येताना संपायची. कधी कधी घरासमोर गाडी उभी राहिली तरी दोघं आतच, काचेमागे हातवारे चाललेले. माझी बायको जरा रुसलीच. “आम्हाला नाही सांगत कधी बाबांबद्दल.” मी म्हटलं, “तू कधी विचारलंस?” त्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी बागेत गेलो.

तिकिटाची तारीख आली. विमानतळावर सामान माझ्या गाडीतून गेलं आणि सासूबाई अर्थातच पिवळ्या गाडीतून. आत जाताना त्यांनी मुलींना जवळ घेतलं, माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि साडूंना म्हणाल्या, “लॉरीच्या मागे नका राहू.” मग वळल्या आणि गेल्या. परतताना ताई माझ्या गाडीत बसली आणि सबंध रस्ता एकच म्हणत होती, “इथे ठीक होतं रे. तिथे काय करेल ती? तिथे कोण नेणार तिला?”

पुढे काही आठवड्यांनी एका रविवारी आम्ही सगळे ताईकडे जेवायला जमलो होतो. तिने सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. ताईचा चेहरा पांढरा पडला. माझ्या बायकोने हातातलं ताट ओट्यावर ठेवलं. शेवटी ताईने शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“काकू ना?” त्या बाई म्हणाल्या. “त्या कुठल्या घरी सापडतात आता! सकाळीच बाहेर पडल्या. काही काम होतं का?”

“नाही,” ताई म्हणाली. “काहीच काम नव्हतं.” आणि फोन ठेवून ती ओढणीत तोंड खुपसून रडली, हसत हसत रडली, आणि मग दोघी बहिणी एकमेकींना धरून तशाच उभ्या राहिल्या.

साडू उठले. किल्ली घेऊन बाहेर गेले. ऑफिस नाही, किराणा नाही, हा माणूस निघाला कुठे म्हणून मी मागोमाग गेलो. तर गाडी जागच्या जागी, आणि साडू डावीकडच्या, सासूबाईंच्या सीटवर, मांडीवर हात ठेवून समोर बघत बसलेले. मी वळसा घालून ड्रायव्हरच्या जागेवर कसाबसा शिरलो. 

“इथून रस्ता फार जवळून दिसतो रे,” ते म्हणाले. “आई एकदासुद्धा घाबरल्या नाहीत.”