बेबीबाईंनी मोजलेल्या खुर्च्या

घरातली सगळ्यात मोठी खोली कापसाला, आणि माणसं मात्र स्वयंपाकघरात गुडघ्याला गुडघा लावून जेवणार, हे बेबीबाईंना कधी पटलंच नव्हतं. पण तसं बोलून दाखवायला त्यांना साठी उलटावी लागली.

निमित्त झालं मोठ्या सुनेचं. रंजिता शहाद्याला शाळेत शिकवते. दिवसभर शाळा, संध्याकाळी घरी येऊन पुरुषांना आणि पोरांना वाढायचं, मग बायकांनी उरलंसुरलं खायचं. एकदा बेबीबाईंनी पाहिलं, तर ही पोर ओट्याला टेकून, उभ्या उभ्या, गार भाकरी पाण्याच्या घोटाबरोबर ढकलत होती. आपलं झालं ते झालं, पण हिनंही तेच करायचं? आग लागो त्या रीतीला!

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर करून टाकलं. कापसाच्या खोलीचं जेवणघर होणार, टेबल-खुर्च्या येणार, आणि सगळं घर एका वेळी गरम गरम जेवणार. सुनांसकट!

मालक ईश्वर आबा उखडले. "मंग कापूस कोठे भरू? तुन्हा डोकावर?"

"शेडमा भरा."

खरं दुखणं कापसाचं नव्हतंच. सासऱ्यासमोर सून खुर्चीवर बसणार, हे आबांच्या घशाखाली उतरत नव्हतं. "मी मन्हा पाटवरच जेवसू," त्यांनी बजावलं. बेबीबाईंनी ऐकलं आणि सोडून दिलं. या बाईला गप्प राहून जिंकायची सवय फार जुनी.

उन्हाळाभर घरात नुसता धुरळा. भिंतीच्या प्रत्येक फटीतून जुना कापूस निघे आणि सगळे शिंकून बेजार. थोरल्या लेकानं, राजेंद्रनं, भिंतीला राखाडी रंग सुचवला. "चुल्हानी राख काय कमी शे घरमा?" म्हणत बेबीबाईंनी हळदीचा पिवळा लावून घेतला. स्वयंपाकघराच्या भिंतीत एक खिडकी पाडून घेतली, म्हणजे पोळी खापरावरून थेट ताटात. खापर म्हणजे चुलीवर पालथं घातलेलं मातीचं भांडं. त्यावरची परातीएवढी पुरणपोळी ही बेबीबाईंची खासियत, पंचक्रोशीत नाव होतं!

खापर नावाच्याच गावचा भिला मिस्तरी जुन्या सागवानी तुळयांचं टेबल करायला बसला. "खुर्च्या कितल्या करू, माय?"

बेबीबाईंनी आबांना ऐकू जाईल अशा आवाजात बोटांवर मोजलं. "आबा. राजेंद्र, नवनीत. रंजिता, निशा! दोन्ही सुना धर बरं का. आन् तीन नातवंडं. आठ." सुनांची नावं घेताना आवाज मुद्दाम चढला होता. आबा ओसरीवर खोकले, बस.

पोळ्याच्या संध्याकाळी बैलांना पुरणपोळी चारून झाली आणि नव्या जेवणघरात पहिलं जेवण मांडलं. आबा काखेत पाट घेऊन दाराशी अडून उभे. शेवटी नात भूमिकानं हात धरून ओढलं, तेव्हा टेकले एकदाचे खुर्चीवर. सुना अवघडू नयेत म्हणून नजर ताटातून वर काढेनात. खिडकीतून बेबीबाईंनी सगळी डोकी एका टेबलाभोवती पाहिली. असा आनंद त्यांना लेकांच्या लग्नातही झाला नव्हता.

रंजितानं हाक मारली, "आत्या, या ना आता. तुम्हनी खुर्ची..."

आणि ती थांबली. सगळ्यांनी टेबलाभोवती पाहिलं. एकही खुर्ची रिकामी नव्हती.

खिडकीत बेबीबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं माय वं! मी मालेच धरं नही!" आणि खळखळून हसल्या. दुसरं कुणीच हसलं नाही.

आबा उठले. सरळ चुलीपाशी आले. "ऊठ. मन्ही खुर्चीवर बठ."

"आन् पोळ्या?"

"त्या मी करस, आत्या," म्हणत रंजिता आधीच खापरापाशी येऊन बसली होती.

बेबीबाई खुर्चीच्या टोकावर बसल्या, पाहुण्यांच्या घरी बसावं तशा. हातांचं काय करावं कळेना. कुणाच्या ताटात काय कमी आहे, हे बघायला मान आपोआप वळत होती. आबांनी शेजारी उभं राहून स्वतःच्या हातानं पोळीवर तूप वाढलं. बेबीबाईंनी मोठा घास तोडला, तोंडात घातला आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"काय व्हयनं?" आबा घाबरले.

"काही नही. जीभ पोळनी." त्या पदरानं डोळे पुसत, ओशाळून हसल्या. "पोळी इतली गरम ऱ्हास, माले माहीतच नव्हतं."

आबांनी आयुष्यभर त्यांच्या हातची पोळी गरमच खाल्ली होती. भरल्या घरासमोर, सुनांसमोर, त्यांनी बायकोचं ताट पुढे ओढलं आणि वाकून तिच्या पोळीवर फुंकर घालू लागले.