हंड्यावरचा आळ

चिंच आणि राख यांनी जानकीच्या हातांची पार साल काढली होती. वालावलच्या पलीकडे, खाडीकाठच्या एका वाडीत ती लग्न होऊन आली, तेव्हापासून देवळाचा तांब्याचा हंडा तिच्याकडे घासायला असे. आधी सासू घासायची, मग ती. नवरा मचव्यावर खलाशी होता, एका वादळात गेला तो परतलाच नाही. श्रावणात देवळात सात दिवसांचा भजनी सप्ता बसे. सातही दिवस टाळ म्हणून खाली ठेवायचे नाहीत, आणि गाऊन घसा सुकलेला माणूस जानकीने भरलेल्या हंड्यातलं पाणी पिऊन पुन्हा उभा राहायचा. साऱ्या वाडीत तिला मान होता तो एवढाच, आणि तेवढा तिला पुरत होता.

सत्तावन्न साली तोही काढून घेतला. कसा, ते ऐका.

सप्त्याच्या दुसऱ्या दिवशी परशुराम मुंबईहून आला. गिरणीत कामाला, गळा गोड, आणि देवळाचे मानकरी भाई यांचा सख्खा पुतण्या. कसालला एसटीतून उतरला तोच अंगात ताप घेऊन. मुंबईत त्या साली तापाची साथ आहे, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण एवढा चाकरमानी सप्त्याला आला आणि घरी निजून राहिला, तर भाईंची शोभा कशी राहणार? त्यांनी त्याला नेऊन सरळ पहिल्या रांगेत उभं केलं. पाऊस आत येतो म्हणून सभामंडपाला चहूबाजूंनी झावळ्यांची झापं बांधली होती. आत चाळीस माणसं खांद्याला खांदा लावून गात होती, आणि परशुराम दर अभंगाला तोंडावर हात न धरता खोकत होता.

जानकी हंडा भरायला आली होती. ती दारातून म्हणाली, "भाईंनू, तेका भायर पडवेर बसवा. तेचो खोकलो माका बरो दिसणा नाय."

भाईंनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सप्ता कसाबसा उठला तोवर अर्धी वाडी अंथरुणाला खिळली होती. घरोघरी तोच ताप, तेच मोडून आलेलं अंग, तोच खोकला. उरलेले चार लोक देवळात जमले. आता कुणावर तरी खापर फोडायचं तर होतंच. पुतण्याचं नाव घ्यायला भाईंची जीभ रेटेना, मग एकटी विधवा बाई बरी सापडली.

"हंडो नीट घासूक नाय," भाई म्हणाले. "पाणी बाधलां."

दाराशी उभ्या जानकीच्या अंगाचा तिळपापड झाला. बत्तीस वर्षं ज्या हंड्यात स्वतःचं तोंड दिसेपर्यंत ती हात झिजवत आली, त्याला हा माणूस घाण म्हणत होता. ती सरळ मंडपात शिरली.

"भाईंनू, माका एक सांगा. भटजी सोवळ्यातले. माझ्या हंड्यातलो एक थेंब ते पिणत नाय, घरचो तांब्यो घेवन येतत. पण परशुरामाच्या बाजूक टाळ घेवन उभे होते ते. गावात सगळ्यात पयले कोण पडले? भटजीच ना? आणि आनंदीबाय पाय मोडून घरात पडली हा, देवळाची पायरी चढूक नाय. तिका ह्याच हंड्यातलां पाणी मी सात दिवस नेवन दिलंय. ती ठणठणीत आसा. मगे पाणी बाधलां कोणाक?"

उत्तर सगळ्यांना दिसत होतं, ते भाईंच्याच माजघरात खोकत पडलं होतं.

"बायल माणसान देवळात येवन शानपण शिकवू नये," भाई म्हणाले, आणि त्यांनी दोन माणसं पाठवून भरदिवसा, सगळ्या वाडीदेखत, जानकीच्या घरापुढच्या खळ्यातून हंडा उचलून नेला. देवळाच्या कोठीत त्याला कुलूप लागलं. दुसऱ्या दिवसापासून तिच्या विहिरीवर पाण्याला येणाऱ्या बाया दुसरीकडे वळल्या. असल्या माणसांसाठी तिने हात झिजवले होते.

आणि हंडा कुलपात असताना तिसऱ्या दिवशी भाई स्वतः तापाने आडवे झाले.

महिन्याभराने भटजी हिंडूफिरू लागले, आणि देवळात चार माणसांत म्हणाले, "मी त्या हंड्यातलं पाणी प्यालोच नव्हतो. जानकी बोलली ते खरं आहे." तेच जानकी बोलली तेव्हा सगळे बहिरे झाले होते. भटजी बोलल्याबरोबर सगळ्यांना ऐकू आलं. भाईंच्या बायकोने, रुक्मिणीबाईने, निरोप धाडला की देवळात येऊन हंडा घेऊन जा.

"सगळ्यांदेखत नेलात, तसोच सगळ्यांदेखत आणून दिया," जानकीने उलटा निरोप पाठवला. "आणि आणतलो कोण तां भाईंका म्हायत आसा."

आठ दिवस भाई हलले नाहीत. जानकीही हलली नाही. नवव्या दिवशी सकाळी भाई स्वतः हंडा खांद्यावर घेऊन तिच्या खळ्यात उभे राहिले. मागे वाडी होतीच, गंमत बघायला. जानकीने हंड्यात डोकावलं. महिनाभर हात न लागल्याने आत हिरवं किटण चढलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं.

ती आत गेली, चिंचेचा गोळा आणि राख घेऊन आली आणि अर्धी चिंच भाईंच्या पुढ्यात ठेवली.

"बसा. अर्धो तुमी घासा."

भाईंनी मागे वळून वाडीकडे बघितलं, मग धोतर सावरून बसले. दोघं समोरासमोर हंडा घासू लागली. थोड्या वेळाने भाईंना उबळ आली. आजार गेला होता, खोकला अजून रेंगाळत होता. ते हंड्यावर वाकूनच खोकणार, तेवढ्यात जानकी हात न थांबवता म्हणाली,

"तोंड तकडे करा, भाईंनू."

आणि भाईंनी तोंड तिकडे केलं.