जर्सीवरचा मिठागरवाला

आमच्या धनेशशी कुणी गोड बोललं की तो आधी खिसा चाचपतो. घरात सासूसासऱ्यांसमोर मी त्याला ‘अहो’ म्हणते, पण इथे धनेशच म्हणणार. माझा नवरा आहे, मला हवं ते म्हणेन! दुधाची पिशवी आली की हा तारीख बघतो, मग वास घेतो, मग मलाही वास घ्यायला लावतो. दुकानदार ‘घ्या साहेब, तुमच्यासाठी खास’ म्हणाला की ती वस्तू तिथेच ठेवून बाहेर. आमच्या लग्नात माझ्या मामाने त्याच्या नोकरीचं कौतुक केलं, तर हा बोहल्यावर मला हळूच विचारतो, ‘मामांना कुनाला चिकटवायचंय काय कंपनीत?’ तळोज्याला केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे तो. तिथे संशयी असलेलं बरंच म्हणा. पण घरात? नुसता वैताग.

अशा माणसाने जन्मात एकाच गोष्टीवर डोळे मिटून विश्वास टाकला, आणि ती काय, तर इंग्लंडमधला एक फुटबॉल क्लब. मार्लविच टाउन. तुम्ही नाव ऐकलं नसेल. मीही लग्नाआधी ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं असतं तर जरा विचार केला असता.

झालं असं, की कॉलेजात असताना पनवेलच्या बाजारात जुन्या कपड्यांच्या ढिगातून त्याने एक हिरवी-पांढरी जर्सी उचलली. गावच्या मैदानावर खेळायला घातली की झालं, एवढाच विचार. घरी आणून बघतो तर छातीवर बिल्ल्यात एक माणूस. अनवाणी, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात लांब दांड्याचं फळकुट आणि समोर मिठाचा ढीग. मार्लविच म्हणजे मिठाचं गाव. तिथले लोक कधीकाळी मीठच काढायचे. आणि इकडे धनेशचे बाबा, तुळशीराम घरत, जन्मभर गव्हाणच्या बाजूच्या मिठागरात हेच करत आलेले. ‘दिपिका, मना वाटला कुनी बाबांचा फोटू काढून तिकडं छापलाय,’ हे त्याने मला इतक्यांदा सांगितलंय, की आता मीच पाहुण्यांना सांगते.

पुढे आमच्याकडच्या मिठागरांवर भराव पडला, वर रस्ते आले, उलव्याच्या इमारती आल्या. बाबांचं आगर नेमकं कुठे होतं ते आता त्यांनाही बोट करून दाखवता येत नाही. धनेश म्हणतो, आपलं आगर त्या जर्सीवर तेवढं उरलंय. क्लब हरला तर तो जेवतो, हसतो, झोपतो. पण त्या मिठागरवाल्याला कुणी काही बोललेलं चालत नाही.

त्याने आणखी लोकांना नादी लावलं. शिफ्टमधला काशिराम, उलव्याला राहायला आलेला वरद आणि त्याचे आयटीवाले मित्र, गावातली काही मंडळी. गणपतीच्या मंडळासारखं यांचं मार्लविच मंडळ, पनवेल. मॅच आमच्या हॉलमध्ये, आणि कांदाभजी कुणी तळायची ते काय वेगळं सांगायला हवं?

तर गेल्या वर्षी या क्लबला अचानक आमचा पुळका आला. क्लब कुणा बड्या परदेशी मालकाने विकत घेतला होता. एके दिवशी मेल आला, की भारतातल्या चाहत्यांना क्लबचं सभासदत्व फुकट, सोबत नवी जर्सी आणि पनवेलला हॉटेलात स्नेहमेळावा. मंडळातले सगळे नाचायला लागले. धनेश मात्र मोबाइल लांब धरून तो मेल असा वाचत होता, जसा काही त्यालाही वास येतोय.

‘फुकट का?’ त्याने विचारलं.

‘अरे, प्रेमाने देतायत,’ वरद म्हणाला.

‘इतकी वरसं नाय आला ता प्रेम?’

मग त्याने ग्रॅहमला फोन लावला. ग्रॅहम म्हणजे मार्लविचमधला रिटायर्ड पोस्टमन, धनेशचा मोबाइलवरचा मित्र. दोघांना एकमेकांचं इंग्रजी निम्मंच कळतं, पण क्लबला शिव्या घालायच्या असल्या की सगळं कळतं. ग्रॅहमने सांगितलं ते असं. नव्या मालकाला बिल्ला बदलायचा होता. मिठागरवाला जाणार, त्याच्या जागी गोलात नुसतं इंग्रजी एम अक्षर. मार्लविचच्या लोकांनी बोंब मारली, तेव्हा क्लब म्हणाला, ठीक आहे, सगळे सभासद मतदान करतील. आणि लगेच आशियाभर फुकट सभासद करायला सुटले.

‘बघितलास?’ धनेश मला म्हणाला. ‘त्यांच्या गावाचा निकाल लावाला आपले हात वर करून घेताहेत.’

त्याचं डोकं का फिरलं ते मला कळत होतं. गव्हाणच्या बाजूला यांचं जुनं क्रीडा मंडळ होतं. एका बिल्डरने त्यात आपली माणसं सभासद म्हणून घुसवली, सभा लावली, वडापाव वाटले, हात वर झाले आणि खेळायचं मैदान गेलं. त्या सभेत धनेशही वडापाव खात बसला होता. तेव्हापासून फुकट खाणं म्हटलं की त्याच्या घशाखाली उतरत नाही.

मत देता यावं म्हणून सभासद मात्र झाला, आणि मेळाव्यालाही गेला. मीही गेले, कारण याला एकट्याला सोडलं तर कुणाची तरी गचांडी धरेल अशी भीती. स्टेजवर जाहिरात कंपनीचा राजस नावाचा मुलगा होता. चुणचुणीत, नम्र, प्रत्येकाला सर म्हणणारा. मागे पडद्यावर तो नवा एम. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, असले बिल्ले छापलेले रिपोर्ट रोज बघते. मला तर ती कान-नाक-घशाच्या दवाखान्याची पाटी वाटली.

राजसने समजावून सांगितलं, ‘ग्लोबल ऑडियन्सला हा माणूस रिलेट होत नाही. मीठ, मजूर... सिंगापूरच्या मुलाला त्याचं काय? एम कसा, कुठेही चालतो.’

वरद म्हणाला, ‘बरोबर आहे ना. पैसा आला तर चांगले खेळाडू येतील. बिल्ला काय गोल मारतो का?’ काशिरामचं म्हणणं वेगळंच. ‘जर्सी घेतली ना फुकट? मग मागतील तिकडं मत देऊन टाकू. कशाला उगाच वाकडेपना?’ मागच्या टेबलावरची एक मुलगी कुरकुरली, की आम्हाला काय आवडेल ते यांनी ठरवूनच आणलंय, मग विचारतात कशाला? मला तिचं पटलं.

तेवढ्यात आमचे हे उभे राहिले. ‘तुमच्या सिंगापूरवाल्याला नसंल कलत. गव्हानच्या मानसाला कलतंय. तो माझा बाप हाय.’

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मी राजसकडे बघत होते. त्या मुलाला राग यायला हवा होता ना? छे! त्याचा चेहरा असा उजळला, जसं काही त्याला घबाडच सापडलं.

‘सर, बाबा अजून आहेत?’ त्याने विचारलं.

‘हायत. पन तुमच्यासाठी नाय.’

त्यानंतर धनेशने मंडळातल्या एकेकाला पकडून शपथा घातल्या. मत द्यायचं ते ‘ठेवा’लाच. कॅमेऱ्यासमोर कुणी उभं राहायचं नाही. ग्रॅहमला शब्द दिला, की पनवेलचं एकही मत फुटणार नाही. रोज फोन करून खात्री करायचा, आणि ज्याने लवकर ‘हो’ म्हटलं त्याच्यावर जास्त संशय घ्यायचा.

एक दिवस मी लॅबमधून आले तर सासूबाई, मालूआई, खुशीत. ‘कोनतरी पोरगा आलता मुंबईवरना. लय गुनाचा. चाय प्याला, बाबांच्या पाया पडला, त्यांशी बोलत बसला.’

धनेश शिफ्टवरून येऊन बूट काढत होता. तो तसाच थांबला. ‘पाया पडला? मंग झालाच समद्याचा वाटोला!’

बाबांना विचारलं, काय बोललात, तर म्हणाले, ‘इचारलं ता सांगितलं.’ मग धनेशने राजसला फोनवर जे काही ऐकवलं ते मी लिहीत नाही. तो बिचारा एवढंच म्हणत होता, की बाबांची परवानगी घेतली होती, तरी तुम्हाला विचारायला हवं होतं, सॉरी सर.

आठवड्यात व्हिडिओ आला. क्लबच्या पानावर, खाली इंग्रजी ओळींसकट. आमच्या ओटीवर बाबा बसलेत, हातात जुनी जर्सी. राजस विचारतो, हा माणूस ठेवावा की काढावा? बाबा बिल्ल्यावर अंगठा फिरवतात आणि म्हणतात, ‘काढा त्याला.’

बस्स. पुढे तो एम.

मंडळाच्या ग्रुपवर जी धमाल उडाली, विचारू नका. काशिरामने लिहिलं, आता घरूनच आदेश आला की. मार्लविचचे लोक धनेशला शिव्या घालत होते, विकला गेला म्हणून. ग्रॅहमने धनेशचे मेसेज वाचले आणि उत्तरच दिलं नाही. धनेशच्या जिवाला ते फार लागलं. त्या रविवारी मतदानाचा शेवटचा दिवस होता आणि हा सकाळपासून चहासुद्धा प्यायला नव्हता.

‘कापलंय,’ तो म्हणत होता. ‘आधीचा कापलंय, मंगचा कापलंय. बाबा असं बोलनारच नायत. दिपिका, त्याला सांग, आक्खा पाठव.’

मलाही तसंच वाटत होतं. मी राजसला सांगितलं, की अख्खं शूटिंग पाठव, नाहीतर मी तुझ्या ऑफिसात येऊन बसेन. त्याने काही आढेवेढे न घेता पाठवलं. मी, धनेश आणि बाबा ओटीवर बसलो आणि मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला.

आधीचं-नंतरचं कापलं होतं खरं, पण शब्द बाबांचेच होते. राजस म्हणत होता, ‘आजोबा, तुम्हाला वाटेल ते बोला, धनेश सरांना ठेवायचाय.’ बाबा आधी म्हणाले, ‘मंग पोराला इचारा.’ मग जर्सी हातात घेऊन बराच वेळ बघत बसले.

‘ह्यो कवापासना उबा हाय?’ त्यांनी विचारलं.

‘शंभर वर्षं झाली असतील, आजोबा.’

‘अनवानी?’

‘हो.’

‘काढा त्याला. मिठात उबा राहून पाय कुजतान. फुटलेलं भरत नाय. वरना ऊन, खालना खार, डोल्यांनी दिसत नाय सांजचं. शंभर वरसं उबा ठेवलाय मानसाला! बसू द्या आता.’

धनेशने व्हिडिओ बंद केला. मला वाटलं आता तो बाबांवर ओरडणार. ओरडला नाही. लहान मुलासारखा म्हणाला, ‘बाबा, तुमाला आगर आवडत व्हता ना?’

‘आवडाला काय व्हता त्यान? पोटासाठी व्हता.’

‘मंग भराव पडला तवा तुमी बांधावर बसून रडलात. मी बघितलाय.’

बाबांनी त्याच्याकडे नवलाने पाहिलं. ‘अरे, सुटलो म्हनून रडलो. वाटला, आता तुना तरी नाय उतरावा लागनार त्यान.’

धनेशने त्यांच्या पायांकडे पाहिलं. बाबा पाय खाली सोडून बसले होते. टाचांच्या त्या भेगा मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या जखमांचे नमुने घेते, पण घरातल्या या पायांना कधी हात लावला नव्हता. लाज वाटली मला, खरंच सांगते.

‘अजून दुखतात?’ धनेशने विचारलं.

‘रोज,’ बाबा म्हणाले.

मग धनेशने मोबाइल परत उचलला. मतदानाचं पान उघडलं, त्यावर ‘ठेवा’ आणि ‘काढा’ अशी दोन बटणं. ग्रॅहमला दिलेला शब्द, मंडळाला घातलेल्या शपथा, सगळं मला आठवलं. त्यालाही आठवलंच असणार. बराच वेळ अंगठा वरच राहिला. मग त्याने ‘काढा’ दाबलं आणि मान वळवून शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं.

‘मंग आता क्लबवर इश्वास बसला म्हनायचा?’ मी उगाच चिडवलं, कारण मला रडू येत होतं.

‘छट्!’ तो म्हणाला. ‘ते चोरच हायत, दिपिका. पयल्यापासना चोर. पन त्या मानसाला बसू दे.’