डब्याखालचा दिवा

तिला सगळे तपासकाकू म्हणत. दुकानदाराने मोजून दिलेली साखर घरी पुन्हा मोजायची, जावयाने आजारी आहे म्हटलं तर हात लावून ताप बघायची. त्यामुळे नवऱ्याने सौर पंपासाठी अर्ज भरला, तेव्हा घरात आठवडाभर शीतयुद्ध चाललं.

"बहुतेक खर्च सरकार करतंय," काका म्हणाले. "रात्री वीज येते म्हणून शेताला पाणी द्यायला चिखलात उठून जायचं, ते तरी संपेल."

"सरकार आपल्यावर एवढं का भाळलंय?" काकू म्हणाली. "कोण कुणाला फुकट देतं?"

पंप बसला. भर उन्हात वांग्यांच्या सरींतून पाणी धावलं. काका पोरासारखे हसले. काकूची नजर मात्र कंट्रोलरच्या पेटीवर होती. पेटीवर एक बारका दांडा होता, शेजारी हिरवा दिवा लुकलुकत होता.

"हे काय?"

बसवणारा म्हणाला, "काही नाही हो, नुसता दिवा." जिथे अर्ज भरला होता त्या कार्यालयातले साहेबही तेच म्हणाले. काकांनीही तीच री ओढली. तिघांचं उत्तर इतकं एकसारखं निघालं, की काकूचा संशय पक्का झाला. तिने पिठाचा रिकामा पत्र्याचा डबा आणून त्या दांड्यावर पालथा घातला.

काही दिवसांनी दुरुस्तीवाली बाई मोटरसायकलवरून आली. पंप तर धो धो चालला होता. तिने डबा पाहिला आणि हसू दाबलं.

"काकू, तुमचा पंप आमच्याकडे बंद दिसतोय. डब्यामुळे सिग्नल अडलाय."

"म्हणजे तुम्ही बघता?"

"बघतो. आत सिमकार्ड आहे. पंप किती वेळ चालला, किती पाणी उपसलं, सगळं कळतं. बिघडला तर लगेच येता येतं. आणि कुणी पंप विकून टाकला तर तेही समजतं."

काकू बांधावरच बसली. मग नवऱ्याकडे वळली. "ऐकलंत? नुसता दिवा म्हणे!"

काका उगाच सरी बघू लागले.

"आणि उद्या पाण्यावर पैसे लावले तर?" तिने बाईला विचारलं.

"ते मला माहीत नाही, काकू. खोटं कशाला सांगू?"

काकूने तिच्याकडे नीट पाहिलं. मग उठून डबा काढला, त्यातली माती झटकली आणि बाईला पाणी प्यायला दिलं.

त्यानंतर काका रात्री निवांत घोरू लागले. शेजारणीने विचारलं, तेव्हा काकूने अर्ज भर असंच सांगितलं. "पाणी चांगलं येतं. पण त्यात सिम आहे, आत्ताच सांगून ठेवते."

दर सोमवारी मात्र ती कार्यालयात जायची. एकच प्रश्न विचारायची: हे आकडे पुढे कशाला वापरणार? साहेब म्हणायचे, "वरून कळेल, तेव्हा सांगू."

गेल्या सोमवारी तिने समोरची खुर्ची ओढली, पिशवी मांडीवर घेतली.

"कळू द्या," ती म्हणाली. "मला घाई नाही."