एकच चाबी

कुठल्याही मशीनला हात लावण्याआधी ते मेनबोर्डापाशी जायचे, चिनी मातीचा फ्यूज ओढून काढायचे, सदऱ्याच्या खिशात टाकायचे आणि खिशावर दोनदा थाप मारायचे. "मेली आता," म्हणायचे. मग मशीनला हात लावायचा, तोही आधी उलटा, आई पोराचा ताप बघते तसा.

आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणत असू. दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, वीस-बावीस वर्षं त्यांनी फिटरकी केली. पण त्या काळात कापसाचं सगळंच बिनसलं होतं. बोंडअळी शेतं खात होती, आणि होळीपर्यंत धडधडणाऱ्या जिनिंग संक्रांतीलाच गप्प होऊ लागल्या होत्या. म्हणून हंगाम सोडून उरलेलं वर्ष ते आमच्या लहानशा कॉलेजच्या वर्कशॉपात काम करू लागले. मी तिथं नुकतीच लागलेली शिक्षिका. फुलसावंगीची, घरातली पहिली इंजिनिअर, नोकरी अजून कच्ची, आणि स्वभाव घाईचा. तव्यावरची पोळी मी भाजायच्या आत उलटते, असं आई अजून म्हणते. असली बाई आणि असला माणूस एका छपराखाली आले की काय होईल, तुम्हीच सांगा.

चाचांना सगळ्याचीच भीती वाटे. एसटीत ते खिडकीपाशी बसत नसत. कुकरची दुसरी शिट्टी झाली की अंगणात जाऊन उभे राहत, हे चाचींनीच मला हसत हसत सांगितलं होतं. वर्कशॉपात ग्राइंडर सुरू झाला की ते भिंतीला पाठ लावत. पोरं हसायची. मीही हसायचे. एकदा विचारलंच, "चाचा, एवढं भेता काहून?"

"भेतो म्हणून दहाच्या दहा हायेत, मॅडम," ते म्हणाले, आणि दोन्ही पंजे माझ्यापुढे उघडले.

मग त्यांनी एकदाच सांगितलं, परत कधी नाही. त्यांचा जोडीदार जिनिंगच्या रोलरमधलं फाटलेलं चामडं काढत होता. पलीकडच्या बाजूनं कोणीतरी स्टार्टर दाबला. "त्याचा आवाज बी नाई आला मॅडम. मशीनचाच आला." त्या दिवसापासून चाचांनी फ्यूज खिशात ठेवायला सुरुवात केली. ज्याचा हात आत, त्याच्याच खिशात फ्यूज. बघता बघता दिग्रसच्या साऱ्या जिनिंगमध्ये तोच रिवाज पडला. नवीन फिटरला मुकादम सांगत, "चाचासारखं कर." गावात त्यांची जी काही इज्जत होती ती एवढ्यावरच होती, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

अशा माणसाला आम्ही रोबोंच्या लढाईत ओढलं. एक वाहिनी कॉलेजांच्या रोबोंच्या कुस्त्या लावून टीव्हीवर दाखवणार होती. काचेचा पिंजरा, त्यात दोन रोबो, एक मोडेपर्यंत लढायचं. पोरं पेटली आणि मीही पेटले. आमच्या रोबोच्या तोंडाशी फिरणारा जड ड्रम होता. जिनिंगच्या भंगारातल्या रोलरचा शाफ्ट लेथवर कातून त्यावर पोलादी दात वेल्ड केलेले. बॅटरीला धक्का बसू नये म्हणून चाचांनी तिच्याभोवती रोलरच्या चामड्याच्या चकत्या ठासल्या. पोरांनी रोबोचं नाव ठेवलं बोंडअळी.

"हे नाव कायले ठेवलं?" चाचांचा चेहरा उतरला. "आमच्या घरात तिचं नाव बी घेत नाई कोणी."

नाव बदललं नाही. ड्रम पहिल्यांदा पूर्ण वेगात फिरला तेव्हा वर्कशॉपच्या पत्र्यांनी आवाज धरला आणि चाचा दाराबाहेर होते. खरं सांगते, माझाही पाय दाराकडे वळला होता. पण मी शिक्षिका होते, मी जागची हलले नाही.

रोबोला फ्यूज कुठला? तर चाचांनी तांब्याच्या पट्टीची बोटभर चाबी घडवली. ती खाचेत बसली तरच बॅटरीचा करंट पुढे जाणार. रोबोच्या आत हात घालायचा तर चाबी काढून खिशात.

"आणखी एक करून ठेवू ना चाचा, हरवली बिरवली तर?" मी म्हटलं.

"एकच," ते म्हणाले. "दुसरी झाली तं पयलीचा काय भरोसा?"

एका शुक्रवारी ते चाबी खिशात ठेवून नमाजाला गेले आणि तिथूनच कोणाच्या तरी मयतीला गेले. आम्ही दुपारभर त्या मेलेल्या रोबोभोवती बसून राहिलो. स्पर्धा आठवड्यावर आलेली. माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी ते यायच्या आधी मी तशीच दुसरी चाबी कापली, कानशीनं घासली आणि पर्समध्ये टाकली. यात लपवण्यासारखं काही नाही, असं मी स्वतःला सांगितलं. मग सांगितलं का नाही कोणाला, हे मात्र विचारलं नाही.

पुण्याचा तो हॉल मला अजून घाबरवतो. डोळ्यात घुसणारे दिवे, कानठळ्या बसवणारं संगीत, आणि पिंजऱ्याबाहेर लांबलचक टेबलं. प्रत्येक टेबलावर कोणाचा तरी मोडलेला रोबो. पापडासारखे तुकडे पडलेले ॲल्युमिनियमचे पत्रे, जळलेल्या मोटारींचा वास, रडणारी पोरं. चाचा माझ्या मागे मागे चालत होते. "इथं सारे मशीन मोडाले आले, मॅडम," ते हळूच म्हणाले. "आपुन दुरुस्त करणारे लोक. आपलं काय काम इथं?"

पहिली लढत आम्ही जिंकलो. कशी ते विचारू नका, मी अर्धा वेळ डोळे मिटून होते. बोंडअळी बाहेर आली ती एक दात वाकवून, ड्रमची साखळी तोडून आणि एक चाक फाडून. पुढच्या लढतीला वीस मिनिटं. चाचांनी चाबी काढली, खिशात टाकली, दोन थापा मारल्या आणि कामाला लागले. सबंध हॉलमध्ये त्यांचेच हात तेवढे शांत होते. चाक बसलं, दात ठोकून सरळ झाला. साखळी ओवायला त्यांनी उजवा हात ड्रमखाली घातला. वाहिनीचा एक माणूस कॅमेरा घेऊन डोक्यावर येऊन उभा राहिला. "पाच मिनिट, मॅडम," तो ओरडला. मग "तीन!"

मला रिसीव्हरचा दिवा लागतो की नाही एवढंच बघायचं होतं. रिमोट बंद असला की मोटारीला करंट जाणार नाही, अशी सोय आम्ही केली होती. पहिल्या लढतीत ती सोयच मोडली होती, हे मला माहीत नव्हतं. चाचांनी हात बाहेर काढला, फडक्याला पुसला. मला वाटलं झालं. मी पर्समधून माझी चाबी काढली आणि खाचेत बसवली. त्याच क्षणी ते साखळीचा ताण बघायला पुन्हा हात आत घालत होते. माझ्याकडे पाहायचं त्यांना कारण काय होतं? मशीन मेलेली होती. चाबी त्यांच्या खिशात होती.

ड्रम अर्धाच फिरला.

त्यांचा आवाज आला नाही. मी चाबी उपटली आणि पर्समध्ये टाकली. हे मी विचार करून केलं नाही, पण केलं मी. सगळे, कॅमेरासुद्धा, त्यांच्या हाताकडे बघत होते, त्यामुळे कोणी पाहिलं नाही. त्यांनी पाहिलं. पाठ भिंतीला लावून ते खाली बसले, उजवा हात फडक्यात, फडकं लाल. वाहिनीचा माणूस किंचाळत होता, "किसने चालू किया? किसने?" पोरं एकमेकांकडे बघत होती. मी पर्सची चेन लावली.

चाचांनी डाव्या हातानं खिशातली चाबी हळूच मुठीत घेतली आणि आत्ताच खाचेतून उपटल्यासारखी टेबलावर ठेवली. "मैंनेच लगाई थी साब," ते म्हणाले. "निकालना भूल गया. गलती मेरी है." कॅमेरा सुरूच होता.

दवाखान्यात मी त्यांच्या खाटेपाशी बसून रडत होते. तर्जनी पूर्ण गेली होती, मधलं बोट अर्धं. "मी सांगते सगळ्यांना," मी म्हटलं.

"नाई," ते म्हणाले. "तुमची नौकरी कच्ची हाये. माह्ये बोटं तं गेले मॅडम. आता दोघांचं नुकसान कायले करता?" आणि मग, "दुसरी चाबी तेवढी फेकून द्या." ती मी त्याच दिवशी फेकली. बाकीचं त्यांचं सांगणं मी इतक्या पटकन मानलं की आजही त्याची लाज वाटते. जन्मभर कुकरला भिणारा माणूस त्या हॉलमध्ये भ्याला नव्हता. त्यांना हसणारी मी भ्याले होते.

वाहिनीनं तो भाग दाखवला. दिग्रसमध्ये घरोघरी, पानठेल्यांवर लोकांनी पाहिला. चाचा जमिनीवर बसून म्हणताहेत, गलती मेरी है. पुढच्या हंगामात त्यांना जिनिंगमधून बोलावणं आलं नाही. मुकादम वाईट नव्हता. तो मला बाजारात भेटला तेव्हा हळहळून म्हणाला, "हाताचं सोडा, तीन बोटांनी बी केलं असतं त्यायनं. पन मानूस चाबी काढाले भुलला ना. आता पोरं त्याच्या भरोशावर हात कसे घालतीन?" मी मान हलवली. मी भाजी घेतली आणि घरी आले.

चाचा पुसदला मुलीकडे राहायला गेले. मी दोनदा भेटायला गेले. दोन्ही वेळा त्यांनी चहा पाजला, डाव्या हातानं कप पुढे केला, आणि माझी नोकरी पक्की झाली का ते विचारलं. दुसऱ्या वेळी झाली होती. त्यांना इतका आनंद झाला की मला तिथं बसवेना. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. मला आठ दिवसांनी कळलं.

मागच्या वर्षी पहिल्याच तासाला मी नव्या वर्गाला सुरक्षेचे नियम सांगत होते. मागच्या बाकावरच्या दिग्रसच्या एका पोरीनं हात वर केला. "मॅडम, इथं एक चाचा होते ना, टीव्हीवर ज्यायनं सोताचेच बोटं कापून घेतले? माह्ये बाबा सांगतात." वर्ग हसला. माझ्या कानात तो हॉल पुन्हा भरला. सांगायला याहून चांगली वेळ आली नसती. नोकरी पक्की होती, घाबरण्यासारखं त्या खोलीत काहीच नव्हतं.

"हो," मी म्हटलं, "तेच," आणि हजेरी घ्यायला लागले.