वरचा सा आणि मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या

आमच्या घरातल्या ट्रंका कधी पलंगाखाली गेल्या नाहीत. त्या दाराशी रांगेत उभ्या असत, गाडीची वाट बघणाऱ्या पाहुण्यांसारख्या. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, आणि त्यांच्या बदल्या इतक्या झाल्या की झाशीच्या स्टेशनावरचे हमाल आम्हाला लांबून बघूनच ओरडायचे, "आ रहे हो या जा रहे हो?" शाळेत कुणाशी नीट भांडण जमायला लागावं, तोवर माझ्या हातात दाखला पडलेला असे. आयुष्यातली निम्मी भांडणं माझी अशी अर्धवट राहिली आहेत.

साठचं दशक संपत आलं तेव्हा आम्ही जयपुरात होतो आणि बाबांचं तिसरं वर्ष भरत आलं होतं. आईने लोणच्याची नवी बरणी भरली नाही की आम्ही समजायचो, आता हुकूम येणार. त्या वर्षी कैऱ्या बाजारात आल्या आणि आई त्यांच्याकडे बघेना.

मी मात्र ठरवून टाकलं होतं: मी हलणार नाही. कॉलेज कसंबसं संपलं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदाच एका गावातल्या गल्ल्या मला पाठ झाल्या होत्या. चांदपोलच्या वेशीपासून डोळे मिटून सायकल सोडली तर ती बरोबर कचोरीच्या कढईपाशी थांबायची. असं गाव सोडून जाणं म्हणजे पाठ केलेली कविता परीक्षेत न येणं. पण राहायचं तर पोट भरणारी जागा हवी, आणि मला येत होती एकच गोष्ट: इलेक्ट्रिक गिटार. तीही कलकत्त्याहून सेकंडहँड आलेली, इतकी जड की ती गळ्यात घालून मी दोन इंचांनी बुटका झालो असं आई अजून सांगते.

शहरात एक हॉटेल होतं, कोण्या जागीरदाराच्या जुन्या हवेलीत. तिथे संध्याकाळी बॅंड वाजे. बॅंडमास्तर गोव्याचे, पांढऱ्या मिशांचे, कोकणी मिसळलेलं मराठी बोलणारे. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो, वाजवलं. ते ऐकत होते की झोपले होते ते कळेना.

"पुता," ते शेवटी म्हणाले, "हात बरो आसा तुजो. पण माझा ट्रंपेटवाला बोटीवर नोकरीला गेला. मला वरचा आवाज पाहिजे. ट्रंपेट कसा आकाशात जातो, तसा. तुझी गिटार तर पोट भरल्यासारखी खालीच बसते."

"मास्तर, वरच्या पट्ट्यांवर वाजवतो ना."

"वाजवतो, पण मच्छर गुणगुणल्यासारखं! मला जाड आवाज पाहिजे आणि वरचा पाहिजे. पंधरा दिवसांनी ये. वर गेलास तर सीट तुझी."

तेवढ्यावर मी घरी आलो आणि मला झोप लागेनाशी झाली. मी रात्रीचा अंगणात येरझारा घालायचो, दिवसा सायकलवर. आमच्या बनी पार्क वस्तीतल्या कुत्र्यांनी माझ्यावर भुंकणं सोडून दिलं.

विलायतेत म्हणे असा डबा निघाला होता. गिटारच्या आणि स्पीकरच्या भोंग्याच्या मध्ये तो ठेवायचा, पायाने दाबायचा, आणि तुम्ही खालचा सा छेडलात की त्याच्याबरोबर वरच्या सप्तकातला सा आपोआप निघायचा. हे मला सांगितलं एका दाढीवाल्या गोऱ्या पोराने. तो स्टेशनजवळच्या धर्मशाळेत उतरला होता, आणि नशीब बघा, असा एक डबा त्याच्या झोळीत होता. बदल्यात त्याला माझी सायकल हवी होती. पुष्करपर्यंत सायकलने जाणार होता. मी म्हटलं, दोन दिवस वाजवून बघू दे. तो म्हणाला, बघ, तोवर सायकल मी चालवून बघतो.

डबा घरी आणला, रेडिओच्या मागे ग्रामोफोनसाठी भोक असतं त्यात तार खुपसली, आणि पाय दिला. काय सांगू! गावाबाहेर झोटवाड्यापर्यंतच्या म्हशींनी कान टवकारले असतील. शेजारच्या माथुरीणबाई पदर खोचत धावत आल्या, "भैया, किसी को करंट लगा क्या?" आवाज मोठा होता, भयंकर मोठा होता. पण मी जी धून वाजवत होतो ती कुठली, हे त्यांना काय, मलाच ओळखू येईना. दोन तारा एकदम छेडल्या तर त्यातून तिसराच, कुणी न बोलावलेला सूर उठायचा आणि गुरगुरायचा.

आमच्याकडे एक सुभेदारकाका येत. साताऱ्याकडचे, लष्कराच्या सिग्नलमध्ये, छावणीतून सायकल हाणत रविवारी आईच्या हातचं पिठलं खायला. त्यांच्या सांगण्याप्रमाणे अर्धं पासष्टचं युद्ध त्यांनी एका तुटलेल्या तारेवर जिंकलं होतं. उरलेलं अर्धं दुसऱ्या तारेवर. त्यांनी तो विलायती डबा उलटा करून बघितला आणि ठेवून दिला.

"आरं लेका, ह्याच्यापायी सायकल देतोस? म्या करून देतो तुला. आवाजाची लाट असती बग. निम्मी वर, निम्मी खाली. खालची निम्मी उचलायची आन् वरच्या अंगाला ठेवायची. एका लाटंच्या जागी दोन झाल्या. दोन म्हंजे दुप्पट, दुप्पट म्हंजे वरचा सा. हाय काय त्यात!"

"सामान कुठून आणणार?"

त्यांनी कपाटावरच्या आमच्या खिशात मावणाऱ्या ट्रान्झिस्टर रेडिओकडे बोट केलं. तो गेल्या दिवाळीपासून मुका होता. आई म्हणाली, "न्या. नाही तरी बदलीत फुटलाच असता."

त्या बिचाऱ्याच्या पोटातून एक चिमुकला ट्रान्सफॉर्मर निघाला, दोन ट्रान्झिस्टर, दोन डायोड. हे सगळं काकांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवलं. पायाने दाबायला बटण हवं म्हणून दारावरच्या घंटीचं बटण काढलं. ते दाबून धरलं तेवढाच वेळ वरचा सा निघे, पाय उचलला की खाली. म्हणजे मला बगळ्यासारखं एका पायावर वाजवायचं होतं, आणि आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना दार ठोकायचं होतं.

मग दोन्ही डबे शेजारी ठेवून मी निवडायला बसलो. तेव्हा जे कळलं ते आज कुणी विचारलं तरी तसंच सांगेन. आवाज किती मोठा आहे हे बघूच नका, पैसे घेणारा तेवढंच दाखवतो. एकच साधी धून घ्या, गिटारच्या गळ्यावरच्या बाराव्या पट्टीच्या वर वाजवा, आणि दुसऱ्या खोलीत बसलेल्या माणसाला विचारा, काय वाजतंय? माझ्या दुसऱ्या खोलीत आई तांदूळ निवडत होती. विलायती डब्यावर ती म्हणाली, "गिरणीचा भोंगा." बिस्किटाच्या डब्यावर ती निवडता निवडता धून बरोबर पुढे गुणगुणायला लागली. गोऱ्याला त्याचा डबा परत केला. सायकल मात्र ब्रेक घालवून आली.

वापरायचंही शास्त्र होतं. एका वेळी एकच सूर, दुसरी तार चुकूनही हलता कामा नये. गळ्याजवळच्या पिकअपवर, म्हणजे तारांखालच्या चुंबकावर, यायचं, टोनचं बटण पूर्ण मिटवायचं, म्हणजे सूर गोल निघतो आणि त्याच्या डोक्यावर वरचा सा मोरपिसासारखा उभा राहतो. नखी हलकी. मी आठवडाभर एका पायावर उभा होतो. डावी पोटरी पैलवानासारखी झाली ती अजून तशीच आहे, हात लावून बघा.

आणि मग ऊन तापलं.

एका दुपारी मी पाय दिला तर डब्यातून फक्त फुरफुर आली, सर्दी झालेल्या घोड्यासारखी. वरचा सा गायब. संध्याकाळी उशिरा थोडा परतला, दुपारी पुन्हा पळाला. सुभेदारकाका डोकं खाजवायला लागले. "हे ट्रान्झिस्टर उन्हानं बिघडत्यात. गळती लागती त्यास्नी. लडाखला असतं तर काय बी झालं नसतं."

"मग मी मास्तरांना लडाखला नेऊ का?"

दोन दिवसांवर परीक्षा. हॉटेलच्या हिरवळीवर, एप्रिलची संध्याकाळ, सूर्य गेल्यावरही दगड पापड भाजून देतील असे तापलेले. मी घरात गोल गोल फिरत होतो. बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले, "हा काय पंखा आहे का? याला बसवा कुणीतरी."

आई आली. तिने डब्यावर हाताचा उलटा तळवा ठेवला, आम्ही लहान असताना कपाळावर ठेवायची तसाच. "ताप आहे याला," ती म्हणाली. आत गेली, जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडल्या, मिठाच्या पाण्यात बुडवल्या आणि पिळून पिळून डब्यावर ठेवायला लागली. झाकणाच्या फटी तिने आधी मेणाने बुजवल्या होत्या. पाव तासाने मी पाय दिला. वरचा सा आला, अंथरुणातून उठून बसलेल्या पोरासारखा.

"पण तिथे पट्ट्या कोण बदलणार?" मी म्हणालो.

"मी नाही तर कोण? मास्तर?"

म्हणून त्या संध्याकाळी हॉटेलच्या हिरवळीवर जे दृश्य होतं ते असं: मी बगळा. माझ्या पायाशी स्टुलावर आई, मांडीवर पितळी पातेलं, हातात पट्टी. तिच्यामागे सुभेदारकाका सुरई धरून, सलामी द्यायला उभे राहावं तसे. आणि समोर वेताच्या खुर्च्यांवर साहेब-मॅडम, ज्यांना वाटलं असावं की हिंदुस्थानात गिटार अशीच वाजवतात, आईला सोबत घेऊन.

पहिलं गाणं निघालं. वरचा सा असा चढला की बॅंडमास्तरांच्या मिशा हलल्या. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर फुरफुर सुरू झाली. मी आईकडे बघितलं. आईने पातेलं उलटं करून दाखवलं. तिने काकांकडे बघितलं. काकांनी सुरई पोटाशी धरली आणि नजर चंद्राकडे लावली. सगळं पाणी ते पिऊन बसले होते.

"घसा सुकला व्हता, वैनी," ते पुटपुटले. "टेन्शन आलं पोराचं."

माझा पाय बटणावर, डबा खोकतोय, गाण्यातली ती चढाई चार ओळींवर आलेली. जयपुरातलं माझं सगळं आयुष्य, गल्ल्या, कचोरी, सगळं त्या चार ओळींत. आईने पातेलं खाली ठेवलं, उठली, आणि सरळ पहिल्या रांगेतल्या एका लालबुंद साहेबासमोर जाऊन उभी राहिली. त्याच्या टेबलावर बर्फाची बादली होती. आईला इंग्रजी येत नव्हतं. तिने बादली उचलली, "मुलाला ताप आहे," असं शुद्ध मराठीत सांगितलं आणि परत आली. बर्फ पदरात बांधून तिने डब्यावर दाबला.

तिसऱ्या ओळीला काही नाही. चौथ्या ओळीला मी डोळे मिटून छेडलं, आणि जे निघालं ते ट्रंपेट नव्हतं, गिटारही नव्हती. नाहरगडावरून उतरलेल्या घारीसारखं काहीतरी हिरवळीवरून सरकत गेलं. लालबुंद साहेब उभा राहून टाळ्या वाजवत होता, रिकाम्या ग्लासासकट.

"देवा सायबा," मास्तर म्हणाले. "सीट तुझी, पुता. सोमवारी सकाळी सामान घेऊन स्टेशनवर ये."

"स्टेशनवर?"

"मग काय विमानतळावर? आबूला जातो ना आपण. उन्हाळ्यात इथे कोण नाचतो, उंट? मग पावसात उदयपूर. थंडीत परत इथे, बोलावलं तर."

हे मी विचारलंच नव्हतं. तीन वर्षं हॉटेलसमोरून सायकल हाकली, पण उन्हाळ्यात तिथे बॅंड वाजत नाही हे कधी कानात शिरलं नव्हतं. घरी परतताना टांग्यात आई ओला पदर पिळत बसली होती. काका तर सुरईआडच होते.

बाबा दारात उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर असलं हसू मी आधी कधी बघितलं नव्हतं. हुकूम आला होता. आणखी दोन वर्षं जयपूर, त्यांच्याच विनंतीवरून. माझ्यासाठी त्यांनी गुपचूप अर्ज केला होता.

मी माझी बातमी सांगितली. त्यांनी हुकूम घडी करून खिशात घातला.

"माझी बदली करायला दिल्लीत दहा टेबलं हलावी लागतात," ते म्हणाले. "तुझी घंटीच्या बटणाने झाली."

सोमवारपर्यंत मी हो-नाही करत घरभर फिरलो. गेलो नाही तर सीट जाते, गेलो तर गाव जातं. रविवारी मी बघितलं तर आई दारातल्या ट्रंका एकेक करून पलंगाखाली ढकलत होती. शेवटची तिने ढकलली नाही, ती उघडून तिच्यात माझे शर्ट भरत होती. सगळ्यांत वर धोतराच्या पट्ट्या, धुऊन, इस्त्री करून.

"आबूला थंड असतं, आई. लागणार नाहीत."

"असू देत. उतरताना ऊन लागेल."

गाडी सुटली तेव्हा ती खिडकीबरोबर चालत म्हणाली, "पोचलास की कळव." हे वाक्य आमच्या घरात तोवर कुणी कुणाला म्हटलं नव्हतं. आजवर पोचायचो ते सगळेच एकदम.